फेरी बंद करू नका : यात्रा कमिट्यांना आणि कुस्ती संघटनांना खुलं पत्र

गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि कुस्ती संघटनांचे पदाधिकारी,

सगळ्यांना रामराम.

यातल्या एका कमिटीला मी गेल्या वर्षी साधं पत्र पाठवलं होतं, दोनदा फोनही केला, उत्तर आलं नाही. म्हणून आता उघड लिहितोय, म्हणजे तुम्हीही वाचाल आणि तुमच्या मैदानाला येणारी माणसंही वाचतील.

गेल्या चैत्रात आमच्या शेजारच्या एका गावात यात्रेचं मैदान होतं. माझ्या भाच्याची सात नंबरची कुस्ती होती (एक नंबर म्हणजे सगळ्यात मोठी, शेवटची). पोरगं एकोणीस वर्षांचं, कोल्हापुरात तालमीत राहतं, वर्षातनं चार-पाच महिने गावोगावची मैदानं करतं. समोरचा पैलवान वजनानं भारी होता, पहिली आठ-नऊ मिनिटं नुसती खडाखडीच, म्हणजे उभ्या-उभ्या झटापट चालली, एकदा पट, म्हणजे पाय धरायचा डाव निघाला पण समोरचा काठावर गेला आणि परत मधे आणून कुस्ती लावली, आणि मग हलगीवाल्यानं ठेका बदलला आणि पोरानं एकदम ढाक हा डाव लावला. समोरच्याची पाठ मातीला लागली. एवढी स्वच्छ की पंचांना वाकून बघायलासुद्धा लागलं नाही. सगळं मैदान उठून उभं राहिलं. पोरगं उठलं, कपाळाला माती लावली, वस्तादाच्या पाया पडलं आणि रीतीप्रमाणं फेरी मारायला निघालं. दहा-बारा पावलं गेलं असेल नसेल तोवर स्पीकरवरनं आवाज आला, पैलवान फेरी नको, वेळ नाही, साहेबांचं आगमन झालंय, मैदान मोकळं करा.

पुढच्या रांगेत एक सत्तरीचे म्हातारबाबा बसले होते. त्यांनी बंडीच्या खिशातनं वीसची नोट काढून हात पुढं केला होता. पोरगं माघारी फिरलं. बाबांचा हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला, मग त्यांनी नोटेची घडी घातली आणि परत खिशात ठेवली.

त्यानंतर पन्नास मिनिटं सत्कार चालले होते. घड्याळ लावून सांगतोय, पन्नास.

तुमच्यापैकी ज्यांना हे वाचून वाटेल की वीस रुपयांचं काय एवढं, त्यांच्यासाठी फेरी म्हणजे काय ते सांगतो, कारण कमिटीत आता बरीच नवी पोरं आहेत. कुस्ती मारल्यावर पैलवान हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या कडेनं सगळ्या मैदानाला एक चक्कर मारतो. लोक त्याच्या हातात दहा, वीस, शंभर, जे जमेल ते देतात, कुणी फेटा बांधतं, कुणी पाठीवर नुसती थाप मारतं. त्या पैशातनं त्याचं दूध-बदाम सुटतं हे खरंच, पण फेरीत दुसरंही एक होतं. ज्यानं लांबनं कुस्ती बघितली त्याला पैलवान हाताच्या अंतरावर दिसतो. त्याचे फुटलेले कान दिसतात, छातीचा भाता वरखाली होताना दिसतो, अंगाला माती आणि घामाचा वास येतो. आणि पैलवानालाही कळतं की आपण कुणासमोर लढलो. माझा बाप मला पहिल्यांदा मैदानाला घेऊन गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, त्या दिवशीची एकही कुस्ती मला आठवत नाही, पण एका पैलवानाच्या तळहातावर मी चार आणे ठेवले आणि त्यानं मातीचा हात माझ्या डोक्यावरनं फिरवला हे आठवतं. त्यानंतर मी कुस्ती कधी सोडली नाही. पुढं चार वर्षं तालमीत काढली, गुडघा गेला म्हणून परत आलो, आता पुण्यात कंपनीत नोकरी करतो, पण मैदान चुकवत नाही. माझा या सगळ्यातला जीव एवढाच आहे.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतात, आणि मला तोंडावर म्हणालेत, की प्रेक्षक बदलला, आता लोकांना शो लागतो, त्याला आम्ही काय करणार. प्रेक्षक बदलला हे मला मान्य आहे. तो कसा कसा बदलला हे मी माझ्या घरात बघितलंय.

माझ्या आजोबांच्या वेळची माणसं बैलगाडीनं भाकरी बांधून मैदानाला जायची. कुठल्या पोराचा वस्ताद कोण आणि त्या वस्तादाचा वस्ताद कोण हे त्यांना पाठ असायचं. खडाखडी चालू असताना दहा-वीस हजार माणसं गप्प बसायची, हे आता सांगितलं तर खरं वाटत नाही. माझा चुलता मुंबईला गिरणीत होता. तो वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग या पैलवानांच्या कुस्त्या बघून यायचा आणि गावाला आला की रात्रभर सांगत बसायचा. ती फ्रीस्टाइल आणि आमची माती यात फरक काय यावर त्याची आणि आजोबांची भांडणं व्हायची. १९६८ ला मुंबईत दारा सिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेव्हा चुलत्यानं आजोबांना खास पत्र लिहिलेलं, ते बरीच वर्षं घरात होतं.

मग नव्वदच्या दशकात केबल आली. माझ्या पिढीनं डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीची टीव्हीवरची कुस्ती बघितली, त्याचे पत्ते जमवले, अंडरटेकरची एंट्री बघायला दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीनं बसलो. मला त्या खेळाबद्दल वाकडं बोलायचं नाही. ते ठरवून चालतं हे बघणाऱ्याला माहीत असतं. त्या कंपनीनंच १९८९ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कबूल केलं होतं की ही स्पर्धा नसून करमणूक आहे, कारण तसं सांगितलं की स्पर्धेला लागणारे नियम आणि कर सुटत होते. म्हणजे आधी लोकांनी वर्षानुवर्षं ते खरं समजून बघितलं, मग खेळ ठरवलेला आहे हे कळूनही बघितलं, आणि कुणाची फसवणूक राहिली नाही. ते पैलवान अंगावर पडण्याचं शिक्षण घेतात, हाडं मोडून घेतात, मेहनत खोटी नसते.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडं उलटं झालंय. आपण मैदान खरं म्हणून भरवतो, पत्रिकेवर निकाली कुस्ती छापतो, आणि आत मात्र शो करायला लागलोय, तोही अर्धवट. ढोल-ताशा, ड्रोन, धुराच्या नळकांड्या, पैलवानाची जीपमधनं मिरवणूक, हे सगळं आलं. येऊ दे, मला त्रास नाही. पण त्यात कुस्ती कमी व्हायला लागली आणि ती बघणारा माणूस तर कुणाच्या हिशोबातच राहिला नाही.

कोल्हापूरचं खासबाग मैदान तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले, तिथं रोममधलं जुनं गोल मैदान बघितलं आणि परत आल्यावर तसं आपल्याकडं बांधायचं ठरवलं, १९१२ ला ते सुरू झालं. मधे खाली हौदा आणि चारी बाजूनं वर चढत जाणारी बसायची जागा. सगळ्यात मागं बसलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरनं हौदा दिसतो. राजानं एवढा पैसा घातला तो ज्याच्याकडं पुढं बसायला मान नाही त्याला कुस्ती दिसावी म्हणून. व्यासपीठ तिथंही होतंच, पण ते एका कडेला, कुणाच्या नजरेच्या आड येत नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा खासबागचं ते व्यासपीठही आगीतनं सुटलं नाही. त्या रात्री मी पुण्यात मोबाईलवर ते बघत होतो आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

सांगली जिल्ह्यातलं कुंडलचं मैदान घ्या. तिथं तर जमिनीचाच उतार आहे, लोक उतारावर बसतात, वरपर्यंत माणूसच माणूस. तिथं आजही लोक उन्हात येऊन जागा धरतात. तेव्हा लोक येत नाहीत हे मला कुणी सांगू नये.

आता तक्रारी. एकेक सांगतो.

पहिली तक्रार व्यासपीठाची आणि हौद्यात उभ्या राहणाऱ्या माणसांची. तुम्ही हौद्याच्या अगदी लागून पंधरा-वीस सोफ्यांचा स्टेज घालता, पाठीमागं मोठा फ्लेक्स लावता. त्यामुळं गोलातल्या एका पूर्ण बाजूचा माणूस उठतो, कारण त्याला फ्लेक्सची पाठ दिसते. उरलेल्या तीन बाजूंना जी माणसं आहेत त्यांच्यापुढं हौद्याच्या कडेला कमिटीची पोरं, बिल्लेवाले, कार्यकर्ते, फोटोग्राफर आणि पाच-सहा यूट्यूबवाले उभे. कुस्ती खाली गेली, म्हणजे एकानं कब्जा घेतला आणि घिस्सा मारायला लागला, की बसलेल्यांना काही दिसत नाही, दिसतात ते उभ्या माणसांचे पाय. मागनं लोक ओरडतात, खाली बसा, खाली बसा. मग मागचे उभे राहतात, मग त्यांच्या मागचे, आणि म्हातारी माणसं घरी जातात. मी वर ज्या बाबांचं सांगितलं ते दोन नंबरच्या कुस्तीआधीच उठून गेले. मुक्कामाची शेवटची एसटी होती त्यांची.

तिथंच दुसरी तक्रार येते, वेळेची. पत्रिकेवर दुपारी तीन छापता. नारळावरच्या, रेवडीवरच्या लहान पोरांच्या कुस्त्या तीनला सुरू होतात, तेव्हा व्यासपीठावर कुणी नसतं, तो भाग चांगला होतो. सहाच्या पुढं पाहुणे यायला लागतात आणि मैदान बंद पडायला लागतं. एक पाहुणा आला की कुस्ती थांबवून नारळ, शाल, फेटा, दोन शब्द. अहो, खडाखडी चालू असताना थांबवलेली कुस्ती मी बघितलीय! अंगात घाम आलेला पैलवान वीस मिनिटं उघड्या अंगानं वाऱ्यात उभा, अंग गार पडतं, मग परत लावायची. मग कुणाची मान जाते, कुणाचा खांदा निखळतो. एक नंबरची कुस्ती रात्री साडेअकराला लागते, आणि तोवर ज्यांना खरी कुस्ती कळते ती निम्मी माणसं निघून गेलेली असतात.

तिसरी गोष्ट पैशाची. हे लिहायला जड जातं कारण पैलवान स्वतः कधी बोलणार नाही, त्याला पुढच्या वर्षी परत तुमच्याच मैदानाला यायचं असतं. एक नंबरच्या कुस्तीला लाखांनी इनाम लावता, चांगली गोष्ट आहे, त्या पोरांनी आयुष्य घातलंय. पण तो पैसा खालच्या कुस्त्यांमधनं काढता. माझ्या भाच्याच्या कुस्तीला पत्रिकेवर पंधरा हजार छापले होते, हातात नऊ आले, तेही अडीच महिन्यांनी, चार हेलपाटे घातल्यावर. तालमीत राहणाऱ्या पोराच्या खुराकाला, दूध, तूप, बदाम, फळं, आठवड्याचं मटण, खोलीभाडं धरून आम्हाला महिन्याला वीस-बावीस हजार लागतात. ते त्याची आई आणि मी मिळून भागवतो. म्हणून मी म्हणतो की फेरी थांबवली तेव्हा तुम्ही त्याचा आठवड्याचा दुधाचा पैसा थांबवला. आणि त्याच स्टेजवर त्या दिवशी किती शाली वाटल्या गेल्या ते मी मोजलं होतं. बासष्ट.

चौथी गोष्ट, नुरा. या शब्दाला आपण सगळे घाबरतो, पण मैदानात प्रत्येकाच्या तोंडी तोच शब्द असतो. दोन नाव असलेले पैलवान आधी ठरवून येतात, वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरतात, मग कुस्ती सोडवली जाते किंवा गुणांवर जाते, दोघंही पाकीट घेतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात दुसरी जोड. मी सगळ्या पैलवानांना दोष देत नाही. वर्षाला इतकी मैदानं धरावी लागतात की आज जीव तोडून लढलं तर उद्याचं मैदान जातं, दुखापत झाली तर अख्खा हंगाम जातो, आणि दवाखान्याचा खर्च कुठलीच कमिटी देत नाही. म्हणजे नुरा होते त्याला कारण आहे आणि ते कारण तुमच्या हातात आहे.

पण पूर्वी नुरेला आवर कोण घालायचं? पंच नाही घालायचे. बघणारी माणसं घालायची. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका मैदानात असंच दोघं नुसते फिरायला लागले. पंधरा मिनिटं लोकांनी बघितलं. मग एक धनगर बाबा काठी टेकत टेकत खाली उतरले आणि हौद्याच्या मधोमध जाऊन बसले. म्हणाले, मी चार कोस चालत आलोय, मला कुस्ती दाखवा नाहीतर माझ्या अंगावरनं जावा. कुणी त्यांना उचललं नाही. कमिटीच्या अध्यक्षानं हात जोडले, दोन्ही वस्तादांना बोलावलं, आणि कुस्ती परत लागली. अकरा मिनिटांत निकाल झाला, आणि जो हरला त्याला लोकांनी जिंकलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले. तो अधिकार बघणाऱ्याचा होता. आता तो बाबा खाली उतरला तर बाउन्सर त्याला धरून बाहेर काढतील, कारण मधे बॅरिकेड आहे, बॅरिकेडच्या आत फक्त पासवाल्यांना जागा आहे.

आता मोबाईलबद्दल बोलतो, कारण सगळा दोष मोबाईलवर टाकायची पद्धत पडलीय आणि मला ती पटत नाही. माझी बहीण, म्हणजे या पोराची आई, तिनं तिच्या लेकाची कुस्ती एकदाही मैदानात बसून बघितलेली नाही. आमच्याकडं बायका मैदानाला जात नाहीत अशी रीत होती, आणि आता जायचं म्हटलं तरी बसायला जागा नाही, संडास-मुतारीची सोय नाही. तिनं लेकाची पहिली कुस्ती बघितली ती यूट्यूब लाईव्हवर, स्वयंपाकघरात, फोन डाळीच्या डब्याला टेकवून. कुस्ती लागली की ती गॅस बंद करते. गेल्या चैत्रात त्या चॅनेलवाल्या पोरानं तिला लेकाची ढाक दाखवली, त्या पोराचे आमच्यावर उपकार आहेत. पण ढाक झाली आणि लगेच कॅमेरा व्यासपीठाकडं फिरला, पुढची पन्नास मिनिटं तिनं सत्कार बघितले. पोराला लागलं का, उभा आहे का, हे तिला मला फोन करून विचारावं लागलं.

आणि मोबाईलवाला प्रेक्षक कुस्ती कळत नसलेला असतो हे तर अजिबात खरं नाही. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली, त्यात बाहेरची टांग हा डाव लावला म्हणून चार गुण दिले गेले. त्यावर अख्ख्या महाराष्ट्रात पोरांनी तो दहा सेकंदांचा तुकडा पुढं-मागं करून बघितला, खांदा कुठं टेकला, पाठ किती अंशात गेली, दोन गुणांची की चार गुणांची, यावर आठवडाभर वाद घातले. मला त्यात आमचे जुने लोकच दिसले, फक्त ते आता हौद्याच्या काठावर नसून बसमध्ये, वर्कशॉपमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेत. हे दर्दी लोक आहेत. तुम्ही त्यांना लाईक देणारी गर्दी समजता, ही चूक करू नका.

आता संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना थोडं वेगळं बोलायचंय. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब आहे. पहिले केसरी दिनकर दह्यारी, त्यांच्यापासून पुढं प्रत्येक वर्षीचा केसरी कोण हे आमच्या तालमीत भिंतीवर रंगानं लिहिलेलं होतं, नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात ती यादी पाठ करायचं. नरसिंग यादव सलग तीनदा, मग विजय चौधरी सलग तीनदा. त्या यादीत २०२३ च्या नोव्हेंबरला काय लिहायचं? तुमच्या दोन संघटनांच्या वादात एकाच महिन्यात एक महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली, एक पुण्याजवळ फुलगावला झाली. एकीकडं शिवराज राक्षे, दुसरीकडं सिकंदर शेख. दोघंही मोठे पैलवान, दोघांनीही रक्त आटवलंय, पण दोघांच्याही गदेकडं लोक अर्ध्या नजरेनं बघतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. २०२५ ला पुन्हा तेच, फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक, मार्चमध्ये कर्जतला दुसरी. तुमचे कोर्टातले वाद तुमच्याजवळ, कोण खरं कोण खोटं हे मला ठरवायचं नाही. पण भिंतीवर नाव कुणाचं लिहायचं हे त्या तालमीतल्या पोराला सांगायची जबाबदारी तुमची आहे.

अहिल्यानगरला जे झालं ते सगळ्यांनी बघितलं. शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली, ती चूकच, शंभर टक्के चूक, पंचावर हात-पाय उचलला की कुस्ती संपली. महेंद्र गायकवाड अंतिम कुस्ती अर्धवट सोडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पण त्या दिवसानंतर लोकांच्या मनात जो प्रश्न राहिला, की राक्षेची पाठ लागली होती का नव्हती, त्याचं उत्तर बंदीनं मिळालं नाही. तिथं बसलेल्या माणसाला तो क्षण परत मोठ्या पडद्यावर दाखवून पंच म्हणाले असते की बघा, हा खांदा आणि हा खांदा, दोन्ही टेकलेत, तर लोकांनी मान्य केलं असतं. आमची माणसं हार मान्य करतात. न दाखवता दिलेला निकाल मान्य करत नाहीत.

आणि मुलींच्या कुस्त्या. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, त्या रात्री आमच्या घरात साखर वाटली. बहीण म्हणाली, आपल्या वेळी असतं तर मी पण लढले असते. ती चेष्टेत म्हणाली नव्हती. पण गावच्या मैदानात मुलींची कुस्ती लावता ती कशी लावता ते बघा. दुपारच्या उन्हात, मधेच, आणि लाऊडस्पीकरवर जो निवेदक इतर वेळी डाव समजावून सांगतो तो मुलींच्या कुस्तीला फक्त टाळ्या वाजवा म्हणतो. एका मैदानात दोन पोरींनी सुमोच्या मागं ओढण्या धरून कपडे बदललेले मी बघितलेत. मॅटवर रोज सहा तास घाम गाळणाऱ्या पोरी आहेत या. त्यांचे डाव सांगा, एकलांगी लागली तर एकलांगी म्हणा, वस्तादाचं नाव घ्या, तालमीचं नाव घ्या.

पैसा देणगीदार देतात, त्यांचा मान ठेवावा लागतो, हे मला कळतं. मी स्वतः आमच्या गावच्या कमिटीत दोन वर्षं वर्गणी गोळा केलीय, दारोदार फिरण्यात किती अपमान गिळावे लागतात हे मला माहीत आहे. तुम्ही रात्ररात्र जागून मैदान आखता, ट्रॅक्टरनं लाल माती आणता, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती लोण्यासारखी मऊ करता, एक खडा राहू नये म्हणून हातानं चाळता. हे सगळं पैलवानासाठीच करता ना? मग एवढी माती केल्यावर तिच्यात कुस्ती कमी आणि सत्कार जास्त का?

मागण्या साध्या आहेत, एकाही मागणीला जादा पैसा लागत नाही, लागला तर थोडा.

सगळे सत्कार मैदान सुरू व्हायच्या आधी एकदाच करा, किंवा शेवटच्या कुस्तीनंतर करा. लागलेली कुस्ती कुणाच्याही आगमनासाठी थांबवू नका. एक नंबरची कुस्ती रात्री नऊच्या आत लावा, म्हणजे शेवटची एसटी मिळते.

स्टेज हौद्यापासून मागं घ्या आणि फ्लेक्स खाली उतरवा. हौद्यात दोन पैलवान, पंच, दोन वस्ताद आणि हलगीवाले, बास. कॅमेरावाल्यांना एक जागा आखून द्या, बसून शूट करायला सांगा, ते ऐकतात, चांगली पोरं आहेत.

पत्रिकेवर जो आकडा तोच हातात, त्याच दिवशी, स्टेजवर सगळ्यांसमोर. जखमी पैलवानाचा दवाखाना कमिटीनं करायचा. त्यासाठी शालींचा खर्च वापरा. बासष्ट शालींत एका पोराचा खांदा बसवून होतो.

दोन संघटनांनी एका टेबलावर बसून एका वर्षाला एकच महाराष्ट्र केसरी ठेवावी, आणि वादाचा निकाल तिथल्या तिथं पडद्यावर परत दाखवावा, राज्याच्या स्पर्धेत एवढं जमायला हवं.

बायकांसाठी पुढची एक बाजू राखून ठेवा, आणि मुलींना कपडे बदलायला खोली द्या, गावात शाळा असते, शाळेची खोली उघडा.

आणि फेरी बंद करू नका. वेळ नसेल तर एक सत्कार कमी करा. कुस्ती मारलेल्या पोराला पूर्ण चक्कर मारू द्या, सगळ्यात मागच्या रांगेपर्यंत.

येत्या चैत्रात आमच्या गावची यात्रा आहे आणि भाच्याची पाच नंबरची कुस्ती ठरलीय. या वेळी बहिणीला मी मैदानात घेऊन येणार आहे. ती म्हणाली, पुढं बसवशील का, मला त्याचे कान जवळनं बघायचेत, फोनवर नीट दिसत नाहीत. मी हो म्हणालोय. आमच्या कमिटीनं तिला हौद्याच्या कडेला चटईभर जागा द्यावी, आणि पोरगं जिंकलं तर ते तिच्यापर्यंत चालत येईपर्यंत माईक बंद ठेवावा.

तुमचाच,
एक कुस्तीशौकीन